व्हय म्हाराजा म्हणताना जीभ अडते

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका मुलीचं पत्र आलंय. नाव-गाव घालू नका म्हणालीय. पत्र चार पानी आहे म्हणून थोडक्यात देते, शब्द जमेल तितके तिचेच ठेवलेत.

"मावशी, मी 31 वर्षांची. दोन मुली, मोठी सहा वर्षांची, धाकटी दोनची. दोन्ही सिझर. दुसऱ्या वेळी टेबलवरच तांबी (कॉपर-टी) बसवून घेतली, आधी विचारलं होतं, मी आणि ह्यांनी दोघांनी हो म्हटलं. घरात बाकी कुणाला माहीत नाही. हे म्हणाले आईला सांगू नको, उगाच वाद. सासूबाईंना नातू हवाय. ह्यांच्या आधी त्यांना तीन मुली, मग देवीचा कौल घेतला, नवस केला आणि हे झाले असं त्या सगळ्यांना सांगतात. ह्यांच्यानंतर शिबिरात ऑपरेशन करून घेतलं. आता माझ्यासाठी नवस बोलल्यात, नातू झाला तर चांदीचा पाळणा. सोमवार धरलाय, संकष्टी, एकादशी, त्यात शुक्रवार. त्यांना साखर आहे, गोळ्या चालू आहेत. मागच्या जत्रेला गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, हिच्या पोटाक पोरगो येवंदे रे म्हाराजा, सगळे व्हय म्हाराजा म्हणाले आणि मी पण म्हटलं. त्या दिवसापासून धड झोप नाही. वर भावकीतल्या एका काकांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला, कुणी महाराज सांगतायत की तांबी म्हणजे दर महिन्याला भ्रूणहत्या. मी पाप करतेय का? काढून टाकू का? की सगळ्यांना सांगून मोकळी होऊ?"

अगं बाय, पहिलं म्हणजे काढायला धावू नकोस. बाकीचं सावकाश बोलू.

तो व्हिडिओ आधी उरकते. मी 1986 ला उपकेंद्रावर नर्स म्हणून लागले आणि 2019 ला रिटायर झाले, तेहतीस वर्षांत तांबी किती बसवल्या नि किती काढल्या त्याची मोजदाद आता माझ्याकडे नाही, पण ती काय करते ते मला झोपेत पण सांगता येईल. तांब्याचा परिणाम होतो तो शुक्राणूंवर, ते धड पुढे सरकत नाहीत, बीजाशी गाठच पडत नाही, म्हणजे गर्भ राहतच नाही. आता जो राहिलाच नाही त्याची हत्या कसली. कधीतरी गाठ पडलीच तर पुढे रुजायला पण ती अडवत असेल का यावर डॉक्टर लोक बोलत असतात, आणि काही धर्मांचा खास तांबीलाच जास्त विरोध असतो तो त्या शंकेमुळे, पण मुख्य काम त्याच्या आधीच झालेलं असतं. दर महिन्याला येते ती पाळी. त्या महाराजांच्या आईला पण येत होती.

आता पाप. हे मी टाळणार नाही, कारण तू देवाला मानणारी आहेस आणि मी पण आहे, माझ्या घरी अजून गणपतीला अकरा दिवस असतात आणि देव-बिव काही नसतं गं असं सांगून मी तुझी समजूत काढली तर ती दोन दिवस पण टिकायची नाही.

आमच्या शेजारी एक संस्कृतचे मास्तर राहायचे, पेन्शनर, मी त्यांना एकदा चिडूनच विचारलं होतं की भाऊ, तुमच्या शास्त्रात मूल थांबवायला बंदी लिहिलीय का एकदा दाखवाच मला. ते हसले आणि आतून बृहदारण्यक उपनिषद घेऊन आले. सहावा अध्याय, चौथं ब्राह्मण. त्यात चक्क लिहिलंय की बायकोला गर्भ राहू नये असं वाटत असेल तर त्या वेळी कुठला मंत्र म्हणायचा, आणि लगेच खाली, राहावा असं वाटत असेल तर कुठला. म्हणजे इतक्या जुन्या काळी, ऋषीमुनींच्या ग्रंथात, गर्भ नको वाटणं ही गोष्ट कुणाला अब्रह्मण्यम वाटलेली नाही, त्याची सोय सांगून पुढे गेलेत. (मंत्राने थांबतो का ते मला विचारू नकोस, माझ्या रजिस्टरला तशी एकही केस नाही.) आणि अजून थोडं पुढे गेलं की शिकलेली, पंडित अशी मुलगी व्हावी असं ज्याला वाटतं त्या नवराबायकोनं तिळतांदळाचा भात तूप घालून खावा असं आहे. दोन मुलींच्या आईने हे लक्षात ठेवावं म्हणून मुद्दाम सांगते. एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली आणि मी मास्तरांना बोलून पण दाखवली, की तिथेही गर्भ हवा की नको ही इच्छा पुरुषाचीच धरलीय, बाईला कुणी विचारलेलं नाही. मास्तर म्हणाले, ते तर आहेच.

उलट बाजूने मनुस्मृती आहे, पुत् नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र, हे सगळ्यांना पाठ असतं. आणि राहिलेला गर्भ पाडणं याला आपल्याकडे मोठं पाप म्हटलंय हे पण खरं. पण तुझा तो प्रश्नच नाहीये. तो व्हिडिओवाला दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत घालतो आणि तुझ्यासारख्या बायका रात्रभर जागतात.

आणि हे काही आपल्याच घरात चालतं असं नाही. माझ्या हद्दीत खाडीकाठचा एक मोहल्ला होता, घरटी एक बाप्या आखातात, दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी, आणि सुट्टी संपून विमान उडालं की महिन्याभरात माझ्याकडे लाईन. त्यातल्या एका भाभीने मौलानांना नवऱ्याकरवी विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की अझल, म्हणजे पुरुषाने वेळेवर आवरतं घेणं, हे पैगंबरांच्या काळात लोक करत होते आणि त्यांना मनाई झाली नाही असं हदीसमध्ये आहे, म्हणून तात्पुरत्या साधनाला हरकत नाही, कायमचं ऑपरेशन मात्र नको. पुढे मी याबद्दल वाचलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या त्या मला फार आवडल्या. एक म्हणजे बऱ्याच जुन्या धर्मपंडितांचं मत असं की बायकोच्या परवानगीशिवाय अझल करायचा नाही. दुसरं, इमाम गझाली, नऊशे वर्षांपूर्वीचे, त्यांनी बाईची तब्येत, पोराबाळांचा खर्च न झेपणं असली कारणं मान्य केलीत, पण मुलगी होईल या भीतीने कुणी करत असेल तर ते वाईट म्हटलंय. बघ म्हणजे, साधन तेच, पण मनात काय आहे ते त्यांनी आधी विचारलं.

सावंतवाडीकडे बदली होती तेव्हा कॅथलिक बायका यायच्या. त्यांचं अजून कडक. 1968 ला पोप सहावे पॉल यांनी पत्र काढून सांगितलं की गोळी नको, निरोध नको, काहीच नको, फक्त पाळीचे दिवस मोजून सांभाळा. त्यातल्या एकीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर चर्चचं कॅलेंडर, त्यावर लाल पेनाने गोल केलेले, गोल कुठले नि फुल्या कुठल्या ते तिच्या नवऱ्याला बरोबर कळायचं. तिसरं पोर झालं तेव्हा मी बघायला गेले तर ती हसत म्हणते, सिस्टर, हो कॅलेंडराचो! पण त्याच बायबलवर चालणाऱ्या इंग्लंडच्या चर्चच्या बिशपांनी 1930 ला लॅम्बेथच्या परिषदेत, काही अटी घालून का होईना, साधनं वापरायला हो म्हटलं होतं. ग्रंथ एकच आणि एक म्हणतो चालेल, दुसरा म्हणतो पाप. मग मी कुणाचं ऐकायचं होतं, सांग.

आपल्या कोकणाला तर या भांडणात फार जुनी जागा आहे. दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्व्यांच्या घराण्यातले र. धों. कर्वे, महर्षी कर्व्यांचा मुलगा, त्यांनी 1921 ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. 1921 ला गं! तेव्हा हा शब्द उच्चारायची पण सोय नव्हती. कॉलेजातली प्रोफेसरकी गेली, 1927 ला समाजस्वास्थ्य मासिक सुरू केलं तर अश्लील म्हणून खटले झाले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे. खटला हरले दोघं, ते सोड. 1938 ला बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तो पण पडला. गांधीजींना सुद्धा मुलं कमी असावीत हे पटत होतं, 1935 ला मार्गारेट सँगर ही अमेरिकन बाई वर्ध्याला जाऊन त्यांच्याशी दोन दिवस बोलली, पण त्यांचं एकच, साधनं नकोत, संयम पाळा. गांधीजींबद्दल मला खूप आदर आहे पण माझ्या उपकेंद्रात येणाऱ्या बायकांचे नवरे काही गांधीजी नव्हते. संयम पाळायचा दोघांनी आणि तो सुटला की दिवस जाणार एकटीला, आणि नवऱ्याला नाही म्हणायला शिका असं बायकांना सांगणं सोपं आहे, रात्री अकरा वाजता पिऊन आलेल्या माणसाला नाही म्हणून बघावं कुणीतरी.

असो. मी भरकटले.

तुझ्या पत्रात एक ओळ तू सहज लिहून पुढे गेलीस. ह्यांच्यानंतर सासूबाईंनी शिबिरात ऑपरेशन करून घेतलं. मी ती ओळ तीनदा वाचली. म्हणजे सासूबाईंनी पण मूल थांबवलंच की! तेही कायमचं. तेव्हा कौल लावला होता का गं कुणी? गुरवांना विचारलं होतं? येणाऱ्या जिवाची वाट अडवू नको असं एका तरी काकाने सांगितलं होतं? नाही, कारण तोवर मुलगा झाला होता. हे मी तेहतीस वर्षं बघितलंय. जोडप्यांचं रजिस्टर घेऊन घरोघर फिरताना ज्या घरात एक मुलगा आहे तिथे धर्म हा विषयच निघायचा नाही, उलट म्हातारीच विचारायची की शिबिर कधी आहे, हिला घेऊन जा, आणि डबा पण करून द्यायची. आणि ज्या घरात दोन-तीन मुलीच, तिथे ओटीवर बसल्याबरोबर देव, धर्म, कूळ, पितर, पिंडदान सगळं बाहेर यायचं. घर तेच, देव तोच, गुरव तोच. मग पाप तांबीचं की मुलींचं? तू विचारलंस ना मी पाप करतेय का, तर माझं उत्तर, तुझ्या गावात ज्याला पाप म्हणतायत ते मुलगा झाल्यावर पाप राहत नाही, म्हणून मी ते पाप मानत नाही.

पण सासूबाईंवर दात धरू नकोस हं. ती बाई माझ्याच वयाची असणार. तिच्या काळात तीन मुलींवर थांबायचं ठरवलं असतं तर तिला कुणी थांबू दिलं नसतं, तीन वेळा मुलगी झाल्यावर तिने काय काय ऐकलं असेल ते मला माहितीये कारण तसल्या बाळंतिणींच्या खोलीत मी उभी असायचे, बाहेरून कुणी विचारायचं काय झालं, आणि मुलगी म्हटलं की ओटीवर शांत. चौथ्याला मुलगा झाला आणि तिची सुटका झाली. देवीने सोडवलं असं तिला वाटतं, आणि तीच सुटका तुला मिळावी म्हणून ती उपाशी राहतेय. चुकीचं आहे पण वाईट नाही. मुलगा की मुलगी ते बापाकडून येतं, यात बाईचा नि तिच्या उपासाचा काही संबंध नसतो, हे तिला आता कोण सांगणार. हां, पण उद्या घरातलं कुणी म्हणालं की दिवस जाऊ दे, मग कुठेतरी नेऊन मुलगा की मुलगी ते बघून घेऊ, तर तिथे मात्र अजिबात नरम पडू नकोस. 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे तो, आणि खरं भ्रूणहत्येचं पाप बघायचं असेल तर ते तिथे आहे, ग्रुपवर त्याचे व्हिडिओ कुणी टाकत नाही.

आता मला माझं एक सांगू दे, नाहीतर तुला वाटेल मावशी नुसती साधनांची जाहिरात करते.

मी शाळेत होते तेव्हा आणीबाणी. गावात जीप दिसली की बाप्ये काजीच्या बागेत पळायचे. 1976-77 च्या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, किती मनाने नि किती जबरदस्तीने ते लोकांना माहिती होतं, म्हणूनच तर पुढे बाप्यांनी त्या ऑपरेशनचं नावच टाकलं आणि सगळं बायकांच्या अंगावर आलं. मी नोकरीला लागले तेव्हा जबरदस्ती नव्हती पण टार्गेट होतं. मार्च आला की साहेबांचा निरोप, इतक्या केस पाहिजेत, नाहीतर पगारवाढ अडेल. एका मार्चमध्ये मी एका बाईला शिबिराला नेलं, तीन मुलांची आई, तिला स्वतःलाच करायचं होतं, पण त्या दिवशी लाईनीत बसल्यावर माझा पदर धरून म्हणाली, बाई, आज नको, आज माका बरा वाटणा नाय. मी म्हटलं अगं पाच मिनिटांचं काम. माझी एक केस कमी पडत होती गं. टाका पिकला तिचा, महिनाभर ताप, पुढे पण उठबस होईना, त्या साली तिची पेरणी गेली. टार्गेट 1996 च्या एप्रिलपासून बंद झालं पण त्या बाईचा हात अजून माझ्या पदराला आहे. पाप पाप म्हणतात ना, माझ्या हिशोबी ते हे. तिला मूल नको होतं हे खरं असून पण. तिने आज नको म्हटलं आणि मी ऐकलं नाही.

म्हणून मी तुला तांबी ठेवच असं पण सांगत नाही. तुला स्वतःला, मनापासून, तिसरं हवं असेल तर ती काढता येते आणि काढली की दिवस राहायला सहसा अडचण येत नाही. फक्त डॉक्टरांशी बोल आधी, कारण दोन सिझरनंतर तिसऱ्या वेळी धोका वाढतो, बाळाला पोसणारी वार जुन्या टाक्याच्या जागी चिकटून बसली तर रक्त आवरत नाही, कोकणात रात्री-अपरात्री रक्ताची बाटली कुठून आणायची ते तुला माहितीये. पण पत्र मी उलटं-सुलटं वाचलं, त्यात मला तिसरं हवंय असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. सासूला हवंय, गुरवाने मागितलं, काकांनी व्हिडिओ टाकला. तुझी झोप तांबीने नाही उडाली बाय, तुझी झोप त्या व्हय म्हाराजाने उडालीय.

ते मला कळतं. गाऱ्हाणं म्हणजे खेळ नव्हे. देवळात चाळीस माणसं, ढोल थांबलेला, गुरव हात जोडून तुझं नाव घेतोय आणि तुझ्या मनात नाही ते मागतोय, आणि मागून सगळ्यांचा आवाज उठतो तेव्हा एकटीने गप्प राहणं कुणाला जमणार. मला पण जमलं नसतं. देवाला फसवलंस असं मला वाटत नाही, त्याला तुझ्या पोटात काय बसवलंय ते डॉक्टरांच्या आधीच ठाऊक. पण पुन्हा म्हणू नकोस. पुढच्या वेळी गाऱ्हाण्याच्या आधी, गर्दी नसताना, गुरवांना गाठ आणि सांग की माझ्यासाठी मागणार असाल तर हे मागा, हिच्या दोनय चेडवांका बरा ठेव, सासूक बरा ठेव, घरात बरकत दे रे म्हाराजा. बस. गुरव लोक शहाणे असतात, अख्ख्या गावाची गुपितं त्यांच्या पोटात असतात, तो काही विचारत बसणार नाही. मग त्याला मोठ्ठ्याने व्हय म्हाराजा म्हण. आणि चांदीच्या पाळण्याचं टेन्शन घेऊ नकोस, नवस फेडायचा तो मागितलेलं मिळालं तर, नाही मिळालं तर देवाचं देणं लागत नाही, ही आपली जुनी रीत आहे.

आता ज्याची मला खरी काळजी वाटतेय ते. सासूबाईंची साखर. सोमवार, शुक्रवार, संकष्टी, एकादशी, म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीन दिवस ही बाई गोळी घेऊन उपाशी राहतेय. काही गोळ्यांवर पोट रिकामं राहिलं की साखर धाडकन खाली जाते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, चक्कर येते, परसाकडे जाताना विहिरीपाशी पडली तर काय करशील. आणि संध्याकाळी उपास सोडताना साबुदाण्याची खिचडी, म्हणजे लगेच साखर वर. साखर खाली जाऊन घाम, थरथर असं काही झालं तर आधी साखरपाणी दे, मग बाकीचं. गोळ्या कुठल्या आहेत ते बघून उपासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना उद्याच विचार. उद्याच, पुढच्या आठवड्यात नको. तू गप्प राहिलीस ते घरात वाद नको म्हणून, पण त्या गप्प राहण्याची किंमत ती म्हातारी देतेय, आणि तुला आतून हेच खुपतंय असं मला पत्र वाचताना वाटलं.

म्हणून सांगायचं. पण तू नाही, तुझ्या नवऱ्याने. आई त्याची, निर्णय दोघांचा, आणि आईला सांगू नको म्हणून सगळं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवून हा मोकळा फिरतोय. तो वाईट नाही, तांबीला हो म्हणाला इतका तो बरा आहे, पण भित्रा आहे. त्याने आईजवळ बसायचं, एकटं, तू तिथे नकोस, आणि म्हणायचं की आई, मला दोन मुली आहेत, मला तिसरं नको, हे मी ठरवलंय, तू माझ्यासाठी उपास करू नको. मी ठरवलंय असंच. तांबीचं नाव काढायची गरज नाही, तुझ्या शरीरात काय आहे ते तुझं, सज्ञान बाईला तांबीसाठी नवऱ्याची सही सुद्धा लागत नाही तर सासूची परवानगी कुठून आली. कुणी सुचवेल की तिला सांगा तिसरं झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, 2001 पासूनचा नियम आहे तो खरा आहे. पण कायद्याआड लपू नका, तिला वाटेल सरकारने नातू अडवला आणि ती देवाला अजून चार उपास कबूल करेल.

रडेल ती. दोन दिवस जेवणार नाही, तुला बोलेल, त्याच्या बहिणींना फोन जातील. त्याच बहिणी, तीन जणी, ज्यांच्या नंतर हा झाला. त्यातली एखादी समजूतदार असेल तर तिला आधी विश्वासात घ्या, मुलीचं ऐकते आई अशा वेळी.

आणि नवऱ्याला अजून एक सांग माझ्याकडून. तुझी तांबी 380 ची असेल तर दहा वर्षं चालते, कार्डावर लिहिलेलं असतं बघ, 375 ची असेल तर पाच. पण पुढे कायमचं करायचं ठरलं तर तिसऱ्यांदा तुझं पोट उघडायचं कारण नाही, बाप्यांची बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी, फक्त नंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून घ्यायची. मर्दानगीचं काही होत नाही त्याने, होडीवर जातो तसाच जातो. 2019-21 च्या सरकारी पाहणीत देशातल्या दर शंभर विवाहित बायकांत अडतीस जणींचं ऑपरेशन झालेलं आणि बाप्यांचं किती, तर 0.3. पूर्ण एक पण नाही गं. या आकड्याबद्दल कुठल्या महाराजांचा व्हिडिओ मी अजून बघितलेला नाही.

तुझ्यासाठी एवढंच, पाळीनंतर दोरा हाताला लागतो का ते अधूनमधून बघत जा, लागला नाही, पाळी चुकली, ओटीपोटात कळा, ताप किंवा घाण वासाचं पाणी जायला लागलं तर लगेच दाखव. अंगावरून थोडं जास्त जात असेल तर रक्त तपासून घे, नाचणी खा, कुळथाचं पिठलं खा.

मोबाईल घरात सगळेच हाताळतात असं पत्राच्या शेवटी लिहिलंयस, तर हे वाचून झाल्यावर डिलीट कर. पण आधी त्याला वाचायला दे, होडीवरून आला आणि चहा झाला की.